नऊ ठोके

मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत
दर गुरुवारी दुपारी जग चर्चेला येतं.
मी खांबाआड बसते,
गुडघ्यांमध्ये यंत्र, यंत्रावर बोटं.
ते बोलतात, मी ठोकते,
आणि दीड सेकंदानं त्यांचं बोलणं
त्यांच्याच डोक्यावरच्या पडद्यावर उमटतं,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

बावीस वर्षं झाली.
आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते:
जे वारंवार येतं, त्याला लघुरूप मिळतं.
‘राष्ट्रीय सुरक्षा’, एक ठोका.
‘प्रादेशिक स्थैर्य’, एक ठोका.
‘सगळे पर्याय खुले आहेत’ याला आधी चार लागायचे,
एका मार्चमध्ये इतकं वाढलं की मी एकावर आणलं.
‘आम्हाला तीव्र चिंता वाटते’ याला डावा हात पुरतो,
उजव्यानं मी कॉफीचा कप सरकवते.

मी राहते डीनवूडला, इथून सहा-सात मैल.
माझ्या शहराला सिनेटमध्ये मत नाही.
हा विषय त्या हॉलमध्ये निघत नाही.
निघाला असता तर त्यालाही लघुरूप दिलं असतं.

परवा तिघे होते.
माजी राजदूत ट्रेडवेल, प्राध्यापक व्हॅनझाण्ट,
आणि समितीच्या कचेरीतून नुकताच सुटलेला एक पोरगा,
ज्याचे मोजे फार महागाचे होते.
भिंतीवर तळहाताएवढं वाळवंट, त्यावर लेझरचा लाल ठिपका,
आणि हे तिघे, उंटाशिवायच, शेळ्या हाकत.
राजदूतसाहेबांचे कान गेलेत.
ते मान वळवून स्वतःचंच वाक्य वाचतात
आणि पटल्यासारखी मान डोलावतात.

प्रश्नांना बारा मिनिटं उरली तेव्हा
चौथ्या रांगेतली एक बाई उठली.
कोट काढलाच नव्हता तिनं.
“माझी मावशी बीर ओशाना इथे राहायची.”
यंत्राच्या कोशात हा शब्द नव्हता.
त्यानं हाताशी आलं ते उचललं.
पडद्यावर आलं:
माझी मावशी बिअर ओशनमध्ये राहायची.

हॉल हसला.
दुष्ट नव्हतं ते हसू, जेवणानंतरचं होतं.
राजदूतसाहेब सगळ्यात मोठ्यानं हसले,
त्यांनी बिचाऱ्यांनी तेवढंच वाचलं होतं.

बाईनं पडद्याकडे पाहिलं,
मग खांबाआड, नेमकं माझ्याकडे.
इथे कुणी पाहत नाही.
आणि एकेक अक्षर सांगू लागली,
शाळेत नव्यानं आलेल्या मुलाचं नाव
बाईंना सांगावं तसं, हळू, न चिडता.
बी. आय. आर.
माझ्या बोटांना घाम.
नऊ अक्षरं, नऊ ठोके.
एवढ्या वेळात एरवी मी
एक अख्खा शस्त्रसंधी लिहून मोडलेला असतो.

प्राध्यापकबाईंनी तिचे आभार मानले.
म्हणाल्या, हे व्यापक संदर्भात पाहायला हवं.
एक ठोका.

नवा शब्द आला की त्याच रात्री कोशात घालायचा,
हा माझा शिरस्ता.
सिंकमध्ये भांडी तशीच होती,
शेजारी कुणाचा तरी टीव्ही बेसबॉल खेळत होता.
नाव घातलं. दोनदा तपासलं.
पुढे लघुरूपाचा रकाना,
त्यात ती रेघ लुकलुकत राहिली.

लघुरूप देणं म्हणजे कबूल करणं
की हे गाव आता वारंवार येणार.

रकाना रिकामा ठेवून मी भांडी घासायला उठले.
आलंच पुन्हा, तर मारीन नऊ ठोके.
तोवर राजदूतसाहेबांना मान वळवून
थांबावं लागेल,
एकेक अक्षर उमटेपर्यंत.